काट्याला हात लावायचा नाही

९ जानेवारी
सुनंदाचा सव्वा महिना काल झाला. आज सगळे गेले. ऋतिका सासरी, सुनंदाची थोरली बहीण अक्का धुळ्याला. दुपारी खिचडी केली. खाली लागली.
ओट्यावरचा तिचा रेडिओ लावला. काटा तिने ठेवला तिथेच आहे. चालू-बंद तेवढं मी करणार. काट्याला हात लावायचा नाही. ऋतिकालाही बजावलंय.
आपल्या जळगावचंच स्टेशन, कॉलेजमागच्या गल्लीतलं. टीचभर! दिवसभर भजनं. गाणारा पडसं झाल्यासारखा गातो. मी दाळ मिलच्या ऑफिसात असायचो; ही घरी काय ऐकते, माहीत नव्हतं. हे ऐकायची तर.

२ मार्च
भजनं बंद. ‘आता फक्त हिट्स!’ एक पोरगी किंचाळत असते. चांगल्या गाण्यांना ढोल लावून त्यांची माती केलीय. देवाला दोन महिन्यांत कंटाळले!

१९ एप्रिल
हिट्सही गेली. लग्नसराई म्हणून आता वरातीची डीजे गाणी, सकाळी सातपासून. ओट्यावरची भांडी वाजतात.
शेजारचा योगराज चहाला आला. ‘काका, लगीन कोनं शे?’ म्हणून हसला. मग ‘दुसरं लावू का?’ म्हणत थेट काट्याकडे हात!
‘हात लावू नको.’ मोठ्याने बोललो असणार. चहा अर्धा टाकून गेला.

२० एप्रिल
योगराज आला नाही. डीजे चालू.

६ जून
परत बदललं! आता ‘मनातलं बोला’. एक माणूस घशातल्या घशात कुजबुजतो — प्रेम म्हणजे काय वगैरे. मग रडकं गाणं, मग ठिबकची जाहिरात. या लोकांना स्वतःची काही आवड आहे का? वारा येईल तिकडे तोंड.
आणि ही रोज हेच स्टेशन ऐकायची. मी हिला शहाणी समजत होतो.

७ जून
तरी लावला.

१७ ऑगस्ट
अक्का आली. पिशवी खाली ठेवायच्या आत ओट्याकडे बघून म्हणाली, ‘भाऊ, आजून हाईच लायेल शे का?’
म्हटलं, सुनंदाने लावलेलं आहे.
‘तिनी कसाले? मी लायं!’
तेराव्यानंतर मी बाहेर भेटायला आलेल्यांत बसलो होतो, तेव्हा अक्कानेच भजनासाठी काटा फिरवला.
‘ती ते धुळानं लाये. आठे नीट लागे नही, नुसती खरखर! तरी तेच. म्हने, माहेरना आवाज शे.’
मी म्हटलं, चहा टाकतो.

१८ ऑगस्ट
अक्काला सकाळच्या एसटीत बसवून आलो. काटा हळूहळू धुळ्याकडे नेला. खरखर. मधेच एक बाई काहीतरी सांगते, अर्धंच कळतं. आवाज थोडा वाढवला आणि मेथी निवडायला बसलो.