नीलमुळाचा भाव चढणारच

२१ नोव्हेंबर २०११, सकाळ
सुरभी काल नागपूरला गेली, पायाच्या ऑपरेशनला. मुलगा अंकुर आणि सूनबाई सोबत. नातीचा डावा पाय जन्मापासून अधू. महागावात कुठं जात नाही. मैत्रिणी सगळ्या त्या 'सप्तगड' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये. तिथं तिचं औषधाचं दुकान आहे. चार वर्षं खपून उभं केलं. जाताना माझ्या हवाली केलं. म्हणाली, आबाजी, रोज थोडी नीलमुळं तोडजा, औषध करजा, माझ्या टोळीतल्या पोरींले देजा. दुसरं काही करू नका. हे दोनदा म्हणाली. मी सातवी नापास असेन, पण जन्मभर कापूस विकला आहे. दुकान कसं चालवावं हे मला शिकवते!
संकल्प: ती येईपर्यंत दुकान दुप्पट.

२२ नोव्हेंबर
गेममधला धंदा एका दिवसात समजला. मुळं तोडायची, औषध करायचं, पण द्यायचं नाही. भरून ठेवायचं. घरचा कापूसही मी असाच धरला आहे. मागच्या सालचा भाव परत येणारच. सुरभीच्या खोलीत छतापर्यंत भरला. नाहीतरी खोली रिकामीच. बायको रत्नप्रभा हात खाजवत म्हणाली, कापसातले किडे चावून राह्यले, आता तरी विका. बायकांना भाव कळत नाही.

२६ नोव्हेंबर
गेममध्ये एक पोरगा पाहिला. नाव विचित्र, एक्सआर सत्त्याहत्तर. पहाटे पाहावं तर मुळं तोडतो, दुपारी पाहावं तर तोडतो. चहा नाही, तंबाखूचा खर्रा नाही, बोलणं नाही. मी रामराम लिहिला. मान वर केली नाही. याला म्हणतात संस्कार. अंकुरला फोन करून सांगितलं, पोरगा असावा तर असा. तो म्हणाला, बाबा, सुरभीले आत्ताच ऑपरेशनले आत नेलं. मी म्हटलं, ते होईल, आधी माझं ऐक. त्यानं फोन ठेवला. चिडका.
मनात आलं, सुरभीसाठी हे स्थळ काय वाईट? अधू पोरीला असाच नवरा पाहिजे, मान वर करून न पाहणारा.

३० नोव्हेंबर
नीलमुळाचा भाव निम्म्यावर. एक्सआरचे आणखी भाऊ आले आहेत. सगळे एकाच वळणानं चालतात, एकाच झुडपाशी थांबतात. मोठं, एकत्र कुटुंब. स्थळ पक्कं करावं.

३ डिसेंबर
टोळीतली प्राची म्हणून मुलगी आहे, अकोल्याची. तिच्याकडं एक्सआरच्या घराण्याची चौकशी केली. तिनं हसण्याची चिन्हं ओळभर पाठवली. मग लिहिलं, आबाजी, तो पोरगा नाही, बॉट आहे. म्हणजे प्रोग्राम. कोणीतरी एक माणूस असे पन्नास सोडतो आणि झोपी जातो. मुळांचा ढीग पडतो, भाव मरतो. त्यातून आलेल्या सोन्यानं तोच माणूस ढाली-तलवारी उचलतो, म्हणून त्या महाग. हातानं तोडणाऱ्या नव्या पोरांना ना मुळांचा पैसा मिळत, ना ढाल परवडत. कंटाळून गेम सोडतात. औषध सडवू नका, म्हणाली, आम्हाले देऊन टाका.
देऊन टाका! डाव लगेच ओळखला. भाव चढणार असला की पहिला रडतो तो घेणारा. रत्नप्रभाला स्थळ मोडल्याचं सांगितलं. म्हणाली, बरं झालं, हुंडा कायच्यात मागितला असता?

८ डिसेंबर
सुरभीचा फोन. आवाज बारीक. पायाचं काही बोलली नाही. विचारलं, पोरी काय म्हणतात, रविवारी गडावर लढाई आहे, औषध पोचलं ना? मी म्हटलं, सगळं मजेत. खोटं नाही. मी मजेत आहे.

११ डिसेंबर, रविवार
टोळीला औषध दिलं नाही. लढाईच्या दिवशी भाव चढतो, तेव्हा काढणार होतो. त्या बिनऔषधाच्या गेल्या आणि मेल्या. गड गेला. प्राचीनं लिहिलं, सुरभीनं असं कधीच केलं नसतं. मी लिहिलं, म्हणूनच ती मागे राहिली.
भाव चढला नाही. पडला.

१४ डिसेंबर
मशीनला हातानं हरवायचं. पहाटे बसायचं, वीज जाईपर्यंत तोडायचं. बॉट ज्या वाटेनं जातात तीच वाट धरली. सगळ्यात जवळची आहे. इकडंतिकडं पाहायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही, बोलण्यात झुडूप जातं. मान आखडली. खाजही सुटली आहे, पण हात माउसवरून काढत नाही.

१७ डिसेंबर
आता एकही क्लिक चुकत नाही. एक्सआरच्या पावलावर पाऊल पडतं. अभिमान वाटला.
आज पांढऱ्या झग्यातला एक माणूस समोर उभा राहिला. डोक्यावर सोनेरी अक्षरं. इंग्रजीत काही लिहिलं. पहिला शब्द वाचला: हॅलो. ओळखलं, व्यापारी. गरजवंतच आधी हॅलो म्हणतो. आमच्या बाजारात पहिल्या भावाला मान हलवली की माणूस संपला. तिसऱ्यांदा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी तोडत राहिलो.

१८ डिसेंबर
झगेवाला पुन्हा आला. तेच लिहिलं, पुढं प्रश्नचिन्ह. घायकुतीला आला आहे. मी तोडत राहिलो.

१९ डिसेंबर
तिसऱ्यांदा आला. आता भाव सांगणार होतो. कीबोर्डवर 'भ' सापडेपर्यंत पडदा काळा. वीज गेली असं वाटलं, पण पंखा चालू होता. लाल अक्षरात इंग्रजी. काहीतरी मोठा सौदा दिसतो.

२४ डिसेंबर
सुरभी आली. पायाला प्लास्टर. खोलीत कापूस, म्हणून ओसरीत बाज टाकली. आधी कॉम्प्युटर मागितला. लाल अक्षरं वाचली. खातं कायमचं बंद, बॉट चालवल्याबद्दल. झगेवाला कंपनीचा माणूस होता. तिन्ही वेळा एवढंच विचारत होता, तुम्ही माणूस आहात का?
सुरभीनं प्राचीला फोन लावला. उचलला नाही. मग दुसऱ्या पोरीला. तिनंही नाही. मी म्हटलं, बरंच झालं, आता पायाकडं लक्ष दे. तिनं तोंड भिंतीकडं केलं. ऑपरेशननं पोरगी हट्टी झाली.

२ जानेवारी २०१२
तिनं कंपनीला अर्ज केला होता. उत्तर आलं. तिनं मोठ्यानं वाचलं: सर्व नोंदी तपासल्या, या खात्याचं वागणं माणसाचं नाही, निर्णय अंतिम. रत्नप्रभा म्हणाली, त्याईले एका महिन्यात समजलं, मले चाळीस वर्षं लागले.
एक्सआर सुरू आहे म्हणे. त्याला कोणी काही विचारत नाही.

३ जानेवारी
संकल्प: मी स्वतः कंपनीला पत्र लिहिणार. मराठीत, सहीनिशी. मी माणूस आहे हे दाखवून देणार. सुरभीला सांगितलं. ती म्हणाली, लिहा. पण काय लिहिसान, आबाजी?
सकाळपासून बसलो आहे. नाव लिहिलं. गाव, तालुका, जिल्हा लिहिला. पुढं काय लिहावं, ते सुचलं नाही.