करिअर जोडीदार, टेबल नंबर पाच

३ मार्च, मंगळवार
आज डोकं फिरलं. लॅबच्या मालकीण मॅडम कुठलंतरी ट्रेनिंग करून आल्या आणि आल्या आल्या फतवा काढला. प्रत्येकाला एक 'करिअर जोडीदार'. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जोडीदाराबरोबर बसायचं आणि एकमेकांच्या करिअरची दिशा शोधायची. अठरा वर्षं मी या लॅबमध्ये कवळ्या बनवतोय. मी मेणात बसवलेल्या दातांनी निम्मं गाव हसतंय. आणि माझी दिशा आता शोधायची म्हणे.

वर्कशॉपचे जुने हेड महिनाअखेर रिटायर होतायत. ती खुर्ची माझी आहे, हे शेंबडं पोरही सांगेल.

माझा जोडीदार कोण, तर टेबल नंबर पाच. याला सगळे 'हं' म्हणतात, कारण काहीही सांगा, तो 'हं' म्हणतो. आम्ही दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. साम्य तिथेच संपतं.

संकल्प: चिडायचं नाही. हेडला ते शोभत नाही.

४ मार्च, बुधवार
पहिली बैठक. पॅकिंगच्या खोलीत, खोक्यांवर बसून. मी बोललो, हं जेवला. माझं ध्येय एका शब्दात सांगितलं: हेड. उरलेला वेळ प्लास्टरची पोती बेसिनजवळ ठेवण्याच्या गाढवपणावर गेला. पोती दमट होतात, साचे भुसभुशीत निघतात आणि बोलणी आम्ही खातो. त्याचं ध्येय विचारायचं राहून गेलं. असेल असं वाटत नाही.

त्याने वही काढून काहीतरी टिपून घेतलं. शिकायची इच्छा आहे बिचाऱ्याला.

संकल्प मोडला. कुरिअरवाल्यावर ओरडलो. चूक त्याची होती. नसती तरी तोंड वर करून बोलायची काय गरज?

१० मार्च, मंगळवार
माझी एक कवळी परत आली. पुढचा दात तिरका बसलाय म्हणे. डॉक्टरांना काय जातंय बोलायला. टेबलावरचा दिवा बदला म्हणून मी तीनदा सांगितलंय. हं आज चक्क एक पूर्ण वाक्य बोलला. म्हणाला, एकदा डोळे तपासून घे. माझे डोळे ठणठणीत आहेत असं त्याला सुनावलं आणि दिवसभर बोललो नाही.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. दुपारनंतर डाव्या डोळ्याला धूसर दिसतं. बारीक काम फार तर वर्षभर निभेल. हेडला दात बसवावे लागत नाहीत. वेळापत्रक लावायचं आणि डॉक्टरांचे फोन घ्यायचे. हेड झालो नाही तर काय, याचा विचार मी करत नाही. भीती वाटते, म्हणून करत नाही.

११ मार्च, बुधवार
प्लास्टरची पोती बेसिनपासून हलली. हंने हलवली. मॅडम त्याला सगळ्यांसमोर शाबास म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बैठकीत त्याला तोंडावर विचारलं, कल्पना कोणाची? तो म्हणाला, तुझीच, मॅडमना मी तुझंच नाव सांगितलं. असं कोणी सांगतं का? मी तरी सांगितलं नसतं. म्हणजे थाप.

१६ मार्च, सोमवार
हेडच्या निवडीचं सर्क्युलर आलं. अडीच पानं, मुंगीएवढी अक्षरं. मी सर्क्युलर वाचत नाही, तत्त्व म्हणून. मतलब कळला. फॉर्म भरून शुक्रवारपर्यंत पेटीत टाकायचा. वशिला नको म्हणून नावं लिहायची नाहीत, फक्त लिहिणाऱ्याचा टेबल नंबर.

हं समजावायला आला, की आपण एकमेकांचे फॉर्म... मी तिथेच तोडलं. अठरा वर्षांनी मला फॉर्म भरायला हा शिकवणार.

घरी बायकोनेही विचारलं, सूचना नीट वाचल्यात ना? जिकडे तिकडे मास्तर.

१८ मार्च, बुधवार
बैठक रद्द केली. फॉर्म भरत होतो. मथळा आहे 'या कारागिराचे गुण'. आपणच आपली आरती ओवाळलेली बरी दिसत नाही, म्हणून मीही 'मी' न लिहिता 'हा कारागीर' असंच लिहिलं. जागा चार ओळींची. पाच पानं जोडावी लागली, त्याला माझा इलाज नाही. 'हा कारागीर म्हणजे लॅबचा कणा.' 'याचं आजवर चीज झालं नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.' 'याच्या हाताखाली काम करायला कोणालाही अभिमान वाटेल.' पुन्हा वाचताना मलाच गहिवरून आलं. खाली माझा नंबर लिहिला, टेबल नंबर चार. पेटीत टाकला.

२० मार्च, शुक्रवार, दुपारी ४
हे लाल पेननेच लिहितोय.

हंने त्याचा फॉर्म पेटीत टाकण्याआधी माझ्यापुढे ठेवला. काही राहिलं असेल तर भर, म्हणाला. वाचलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. 'समोरचे दात याच्याइतके जिवंत कोणी बसवत नाही.' ते मी बसवतो. 'एका म्हाताऱ्या गायिकेची कवळी याने अकरा वेळा नव्याने केली, तिला पुन्हा नीट गाता येईपर्यंत.' ती मी केली. माझे गुण, माझी गायिका, आणि हा गडी खुशाल स्वतःच्या फॉर्मवर लिहून मोकळा. वहीत हेच टिपत होता तर.

लाल पेन काढलं. 'खोटं.' 'हे याने केलेलं नाही.' पुढे होतं, 'रागावतो, पण मनात काही ठेवत नाही.' त्यावर आडवी रेघ मारून 'साफ खोटं'. तळाला शेरा: हा माणूस हेड होण्याच्या लायकीचा नाही. खाली टेबल नंबर चार आणि सही.

हं म्हणाला, "अरे, पण हे तुझं आहे."

"माझंच आहे, तेच तर म्हणतोय मी," म्हटलं, आणि त्याच्यादेखत फॉर्म पेटीत कोंबला. तो आणखी काही बोलत होता. मी पॉलिशचं मशीन सुरू केलं.

२५ मार्च, बुधवार
बैठकीला गेलो नाही. हं खोक्यांवर एकटाच डबा खात होता. खाऊ दे. हेड झाल्यावर पहिला हुकूम: टेबल नंबर पाच संडासाच्या दाराशी. बायकोला खुर्चीसाठी उशी शिवायला सांगितली. ती म्हणाली, आधी निकाल लागू द्या.

३० मार्च, सोमवार
हं हेड झाला.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. दोन्ही फॉर्म टेबलावर. नियम असा होता की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराबद्दल लिहायचं. म्हणजे हंने लिहिलेलं सगळं माझ्याबद्दल होतं. आणि माझी पाच पानं त्याच्या खात्यात गेली.

मॅडमचे डोळे पाणावले होते. म्हणाल्या, "जोडीदाराला वर काढण्यासाठी स्वतःची स्तुती स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला."

खरं सांगायला तोंड उघडलं. मग लक्षात आलं, खरं सांगायचं म्हणजे ती पाच पानं मी कोणावर लिहिली हेही सांगावं लागेल. थँक्यू मॅडम म्हणून बाहेर आलो. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता आणि काढायला माणूस सापडत नव्हता.

संध्याकाळी हं टेबलापाशी आला. त्याला सगळं ठाऊक आहे. भांडेल असं वाटलं होतं. त्याने माझ्यावर लिहिलेल्या फॉर्मची झेरॉक्स ठेवली आणि म्हणाला, "मी लिहिलेलं खरं होतं. उद्या डोळे दाखवून ये, रजा मांडलीये."

३१ मार्च, मंगळवार, संध्याकाळ
मोतीबिंदू. ऑपरेशन करून घेतलं तर दिसेल, म्हणाले डॉक्टर. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे दुपारभर काही वाचता येत नव्हतं. बायकोने झेरॉक्स मोठ्याने वाचून दाखवली. दात, गायिका, सगळं. माझ्याबद्दल एवढं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं. मी स्वतः लिहिलं ते सोडून. तिच्यासमोर रडू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं.

मग ती थांबली. म्हटलं, वाच पुढे. तिने वाचलं, 'रागावतो, पण मनात काही ठेवत नाही.' त्यावरचं माझं 'साफ खोटं'ही वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "एवढं मात्र तुम्ही बरोबर खोडलंत."

आणि चहा टाकायला आत गेली.