मागच्या सीटला दार न्हाय

१५ एप्रिल, होटगी रोड
आलो एकदाचा सोलापुरात. बंगला झकास, खोली गॅरेजला लागून, जेवायला कडक भाकरी न् शेंगाचटणी. आणखी काय मागावं? काम एकच: विकायला काढलेली गाडी पुसायची न् गिऱ्हाइकाला दाखवायची. विलायती, लांब नाकाची, दोनच दारं. अख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी नसंल. फिरलीय इतकी कमी, की कातडी सीटला अजून नव्याचा वास हाय. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून शिरायचं. मागच्याला ना दार, ना खाली होणारी काच.

शहाजीमालकांनी किल्ली खुंटीवरून घ्यायला सांगितली न् नाव विचारलं. मी ‘बसू’ असं खोटंच नाव सांगितलं. श्रीशैल, वळसंगचा, असं खरं सांगितलं असतं तर त्यांना नीलम्मा आठवली असती.

१९ एप्रिल
नीलम्मा माझी अक्का. याच घरात मालकांची पोर सांभाळायची. तीन उन्हाळ्यांमागं, उन्हानं भोवळ येऊन गेली असा निरोप आला. चादर काढली तर हातांची नखं तुटलेली. उन्हानं नखं तुटत्यात व्हय?

आज वॉचमन ज्ञानबाला चहा पाजला, तसा तो बोलला. पोरीच्या गळ्यातली साखळी हरवली होती. मालक लग्नाला निघालेले. अक्काला मागं बसवलं, मंगल कार्यालयामागं माळावर गाडी लावली, कबूल होईस्तोवर हितंच बस म्हणाले न् किल्ली दोनदा दाबली. दोनदा दाबली की या गाडीचं दार आतूनपण उघडत न्हाय. काळ्या काचा, बाहेर बँड. मालक अक्षता टाकून, पंगतीत जेवून आले. साखळी पोरीच्याच फ्रॉकात घावली.

शहाजीला सोडणार न्हाय.

२४ एप्रिल
मागची काच पुसली की आतून पंजा उमटतो. परत पुसली, परत उमटला. करंगळी वाकडी, अक्काचीच. खरं सांगतो, भ्यालो न्हाय, लई रडू आलं. घरच्या कन्नडमध्ये हळूच सांगितलं, की जरा दम धर, त्याला तुझ्याच जागेवर बसवतो.

२९ एप्रिल
वैरागचं गिऱ्हाईक किल्ली घेऊन बसलं न् लगेच उतरलं. मान भाजली म्हणालं. एसी तर चालू होता. मग मी बसलो. किल्ली खिशात असली की मानेवर गरम श्वास येतो, बाहेर ठेवली की काही न्हाय. मानेला फोड आलाय.

३ मे
ज्ञानबा म्हणतो, आधीच्या ड्रायव्हरचाही हात भाजला. म्हणूनच मालक किल्लीला शिवत न्हाईत. नीलम्मा माणूस ओळखत न्हाय, किल्ली ओळखते. तू किल्ली टाक न् गावाकडं जा, असं त्याचं म्हणणं. मी काय हुरडा खायला आलोय? न् सख्ख्या भावाला ओळखणार न्हाय व्हय ती?

७ मे
मालकांना म्हटलं, मागं ऐसपैस जागा हाय हे फोटोत दिसलं तर भाव वाढंल, तुमीच बसा. आधी कां कूं केलं, मग पाघळले. उद्या दुपारी.

८ मे
उजेडासाठी गाडी उन्हात काढली. मालक मागं बसले. फोटो काढला, दार लावलं.

किल्ली दोनदा दाबली.

पायरीवर बसून लिहायलोय. ठोकायलेत. ठोक की. माझ्या अक्कानंपण ठोकलं होतं.

आवाज थांबला. एवढ्यात? जाऊन बघतो —

दार उघडलं, मागं कुणी न्हाय. शिरून बघायला वाकलो — पुढची सीट मागं आली, मी आत अडकलो — दार लागलं —

मालक बाहेर उभे. ज्ञानबाला सांगायलेत, कुण्या बाईनं हाताला धरून बाहेर काढलं —

किल्ली माझ्याच मुठीत. दाबायलोय. उघडेना. तळवा भाजायलाय —

शेजारी बसलीय. माझ्या तोंडाकडं बघत न्हाय. किल्लीकडं बघतीय.

अक्का, मी शैलू गं — कोंडणारा तो, मी न्हाय — आज कोंडलं मीच, पण तुझ्यासाठी — अक्का, नखं नको —

वही इतकी गरम की हात