दोनशे पावलांवरून

आंबाधार, १४ मे

ती. स्व. करसनमामांना दक्षाचे जय माताजी. वि. वि.

किती लांबून काढलेला फोटो कुणालाही खोटा ठरवता येणार नाही? याचं उत्तर मला येत नाही. बी.एस्सी.ला प्रकाशावर अख्खा पेपर लिहिला, तरी येत नाही. तुमच्या टेबलावर अर्ध्या सोरठचे कॅमेरे उघडे पडलेले असतात, म्हणून तुम्हाला विचारते. फोन केला असता तर आई, काकी आणि बापा तिघांनीही कान लावले असते. म्हणून हे पत्र राजकोट बसच्या मेरूभाई कंडक्टरांच्या हाती देत आहे.

पक्षी दाखवणाऱ्या गाइडांच्या मंडळाने बापांचा बिल्ला का काढून घेतला, हे तुम्ही दिवाळीत दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा बापा उठून म्हशीकडे गेले. ते सांगणार नाहीत. मी सांगते.

गेल्या जूनमध्ये परिमल सांगाणी, ते बक्षीसवाले फोटोग्राफर, बापांना घेऊन जिवाभाईंच्या आमराईत गेले. तिथे स्वर्गीय नर्तक पक्ष्याचं वाटीएवढं घरटं होतं, आत तीन पिल्लं. पानांआडून पिल्लांची तोंडं दिसत नव्हती. बापा कधी पान तोडत नाहीत. फांदी सुतळीने बाजूला बांधतात आणि दहा मिनिटांत सोडतात. सांगाणींनी केसर आंबा खायची इच्छा सांगून बापांचा आंबे उतरवायचा, टोकाला पातं असलेला झेला मागितला. पाहुण्याने आंबा मागितला की आपल्याकडे झेला त्याच्या हातात देतात, त्यात विचार कसला करायचा? मग त्यांनी बापांना जीपमधून पाणी आणायला पाठवलं. बापा परतले तेव्हा झेल्याच्या पात्याने फांदी उतरवलेली होती आणि घरटं रणरणत्या उन्हात उघडं पडलं होतं. संध्याकाळी तिन्ही पिल्लं मेलेली सापडली.

मंडळाने विचारलं तेव्हा सांगाणींनी सांगितलं की गाइडने बक्षिशीच्या आशेने फांदी कापली. झाडाखाली झेला बापांचा, दांड्यावर नाव कोरलेलं. त्यांच्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. बापा हल्ली आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकतात आणि पक्षी ओरडला तरी मान वर करत नाहीत.

पदवी मिळाली की लेन्स देईन, असं तुम्ही म्हणाला होतात. पदवी मिळाली. पण मला पक्ष्यांचे फोटो काढायचे नाहीत. सांगाणी दर जूनमध्ये येतात. त्यांच्या डोक्यावरचं एकेक पान उतरवून त्यांना तसंच उन्हात बसवायचं आहे. मामींना नमस्कार. तुमचं माझ्यावर लक्ष असतंच, ते थोडे दिवस जास्त असू द्यावं.

तुमची दक्षा

राजकोट, १९ मे

चि. दक्षाला मामाचे अनेक आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मामीने तिसऱ्यांदा वाचलं आणि त्या माणसाला जे म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता लेन्सचं. राग आला की गिऱ्हाईक सगळ्यात लांब लेन्स मागतं. एका जागी बांधलेली सहाशे मिलिमीटरची लेन्स दुकानात आहे. वजनाला वासरू. तिने तुला त्याचा हात दिसेल, पण झाड दिसणार नाही. उद्या तो म्हणेल हात माझा, झाड दुसरं. तुला हवी झूम, दीडशे ते सहाशेवाली. आधी तीनशेवर झाड, घरटं आणि माणूस एका फोटोत घे. मग बटणावरचं बोट न उचलता पुढे जा आणि हात घे. मधे तुटलं नाही की कुणाला शंका काढायला फट राहत नाही. तुझ्या प्रश्नाचं मला येणारं उत्तर एवढंच आहे, अंतराचा त्यात फारसा संबंध नाही.

सहाशेवर ही लेन्स जरा मऊ पडते, कडा पुसटतात, पाचशेवर थांब. आंब्याखाली उजेड कमी असतो, तेव्हा थोडे दाणेदार फोटो आले तर चालवून घे, हललेले नकोत. लांबी वाढवणारी ती स्वस्त भिंगं कुणी दिली तर परत कर. आणि नऊच्या पुढे जमीन तापली की हवा लहरते, मग कितीही महागड्या लेन्समधून माणूस पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसतो. सकाळीच काय ते कर. टेकवायला उशीच्या अभ्र्यात बाजरी भर. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लाव.

लेन्स एका डॉक्टरांची आहे, त्यांना मोतीबिंदू झाला. मी आतून साफ केली आहे. मेरूभाईंना आत काचेची बरणी आहे असं सांगितलंय, नाहीतर ते वाटेत प्रत्येकाला दाखवतील.

दाजींच्या कानावर यातलं काही जाऊ नये असं तुला वाटतं. मला ते पटलेलं नाही, पण ऐकतो. जपून राहा आणि चार ओळी टाकत जा.

करसनमामा

आंबाधार, ४ जून

ती. स्व. मामांना जय माताजी. वि. वि.

बरणी पोचली. मेरूभाईंनी मला विचारलं, लोणचं कसलं आहे. मी सांगितलं, अजून मुरायचंय.

रोज सकाळी गच्चीवरून सराव करते. पहिले तीन दिवस सगळं हललेलं येत होतं. मग तुम्ही सांगितलेली बाजरीची उशी केली. आता दोनशे पावलांवरच्या काकी चहात किती साखर घालतात ते मोजता येतं. त्यांना साखर बंद आहे. मी बोलले तर त्यांनी मला चेटकीण म्हटलं आणि आईला सांगितलं की शिकवलंत ना, भोगा आता.

जिवाभाईंच्या आमराईत यंदाही घरटं आहे. पिल्लं तीन, दोनच दिवसांची असतील. समोरच्या चिंचेवर जुना माचा आहे, तिथून बरोबर दोनशे दहा पावलं. सांगाणी अकरा तारखेला येतोय. आता मला त्याला 'ते' लिहवत नाही. त्याने यंदा वजसीला गाइड घेतलंय, बापांच्याच हाताखाली शिकलेला. वजसीला हे घरटं माहीत नव्हतं. मी काल विहिरीवर त्याला सहज बोलता बोलता सांगितलं.

मामा, मला रात्री छान झोप लागली. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची दक्षा

राजकोट, ७ जून

चि. दक्षाला आशीर्वाद.

घाईत लिहितो, मेरूभाई खाली उभे आहेत. तू आमिष ठेवलंस. वाघासाठी बकरी बांधतात तसं तू ते घरटं बांधलंस. त्या माणसाला शिक्षा व्हावी हे मलाही हवंय, त्याच्यावर दया मी मागत नाही. पण झेला हातात घेऊन त्याने पातं फांदीला लावलं की तेवढा एक फोटो पुरे. पुढच्या क्षणाला ओरड. गळा फाटेपर्यंत ओरड. एवढं माझं ऐक. इथे सगळे तुझ्या पत्राच्या वाटेकडे डोळे लावून आहेत.

करसनमामा

आंबाधार, १३ जून

ती. स्व. मामांना दक्षाचा नमस्कार. वि. वि.

परवा सकाळी सातला तो आला. वजसीकडे झेला मागितला. आंबा दाखवला, हसला. मग वजसीला जीपकडे पाठवलं. सगळं बापांनी आईला सांगितलं होतं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तीनशेवर झाड, घरटं आणि तो घेतला. बोट न उचलता पाचशेवर गेले. पातं फांदीवर, त्याचे दोन्ही हात दांड्यावर, चेहरा वर. तुम्ही म्हणालात तो एक फोटो मिळाला.

मी ओरडले नाही.

त्याने फांदी उतरवली, तेही घेतलं. दुसरी उतरवली, तेही. झेला पुसून वजसीच्या थैलीला टेकवून ठेवला, ते पाहताना मला हसू आलं. तो पाव तास फोटो काढत होता आणि मी त्याचे काढत होते. नराची पांढरी शेपटी सारखी त्याच्या डोक्यावरून फिरत होती. घरट्यावर ऊन आलं. मग भारद्वाज आला आणि एक पिल्लू घेऊन गेला. त्याने तोही फोटो काढला. मीही काढला.

तेव्हा मी खाली उतरले. मला बघून त्याने विचारलं की मी कुणाची. मी बापांचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा कसा झाला तो फोटो माझ्याकडे नाही, पण तो मला पुरेल. मग वजसीने आणि मी पानांच्या डहाळ्या बांधून घरट्यावर सावली केली. मादी तासाने परत आली. दोन पिल्लं जिवंत आहेत.

घरी येऊन बापांना सगळे त्रेपन्न फोटो दाखवले. मला वाटलं होतं ते रडतील किंवा पाठीवर हात ठेवतील. त्यांनी सावकाश सगळे पाहिले आणि विचारलं की पहिल्या आणि शेवटच्या फोटोत एकोणीस मिनिटं आहेत, तेव्हा मी काय करत होते. मग जेवले नाहीत.

वजसी म्हणतो सुरुवातीचे तीन फोटो पाठव, काम होईल, बापांचा बिल्ला परत मिळेल. काकीसुद्धा तेच म्हणतात. सगळे पाठवले तर सांगाणी मला विचारणार, ही बया झाडावर बसून बघत काय होती, आणि मंडळ म्हणणार बाप तशी लेक. कदाचित बिल्ला मिळणारही नाही.

मला त्याचा सूड हवा होता आणि अजून हवा आहे. त्याचं बक्षीस जावं, कुठल्याही जंगलात त्याला कुणी जीप देऊ नये, हे मी मनापासून मागते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण तीनच फोटो पाठवले, तर मीही त्याच्यासारखीच, सोयीचं तेवढं चौकटीत ठेवणारी.

म्हणून काल दुपारच्या बसने पाकिटं रवाना केली. एक मंडळाला, एक बक्षीसवाल्यांना. दोन्हीत त्रेपन्नच्या त्रेपन्न फोटो आहेत, वेळेसकट. तक्रारीत घरट्याला इजा करणाऱ्यांची नावं लिहायची असतात. पहिलं नाव परिमल सांगाणी लिहिलं. दुसरं माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि त्याखाली सही केली.

तुमची,
दक्षा नथूभाई वाढेर