वरच्या दोन खोल्या

१९ जानेवारी १९९७

चार महिने! फक्त चार महिने! बाबूजी, म्हणजे माझे सासरे, वकिलाकडून आले ते चपलाही न काढता सांगत सुटले. भाडेकरू सलग चार महिने गाव सोडून राहिला आणि त्याला घराची गरज उरली नाही, तर रेंट कंट्रोलर साहेब घर खाली करून घ्यायची परवानगी देतात. आमच्या वरच्या खोल्यांतले रूपराव आणि अन्नपूर्णाबाई दिवाळी झाल्यावर कुलूप लावून आष्टीला गेले ते गेलेच. म्हणजे मार्चमध्ये आमचं काम फत्ते!

ऐकता ऐकता माझी पोळी करपली. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून मी आणि प्रफुल (नवऱ्याचं नाव फक्त इथेच लिहिते) बैठकीत पडदा लावून झोपतो. बाबूजी खोकले की आम्ही गप्प. वर एक खोली, एक स्वयंपाकघर, पुढे गॅलरी — आणि आतून कडी लागणारं दार. कडी! मला दुसरं काही नको.

२ फेब्रुवारी

प्रफुल म्हणाला, "मी एसटीनं आष्टीले जातो, सरळ इचारून येतो." बाबूजी भडकले. नळाच्या पाण्यावरून रूपरावांशी त्यांचं बोलणं कधीचं बंद आहे. "त्याच्या दारात आपलं माणूस नाई जाणार. कायदा कशाले हाय मंग?"

सासूबाई तूर पाखडत होत्या. "राहू द्या ना जी," म्हणाल्या. "खोल्या का कुठं पळून चालल्या?"

आईंना कशाचीच घाई नसते. मी मात्र वरच्या खिडकीच्या पडद्याचं माप मनातल्या मनात घेऊनही टाकलं.

१७ मार्च

अर्ज दाखल झाला! प्रफुलने वरच्या भिंतींसाठी रंगाचं कार्ड आणलं. गुलाबी की पिस्ता?

१८ मार्च

पिस्ता.

११ एप्रिल

घोळ झाला! कपडे वाळत घालताना सहज वर पाहिलं. गॅलरीतल्या तुपाच्या डब्यातला अन्नपूर्णाबाईंचा मोगरा हिरवागार, कळ्यांनी लगडलेला. वर्ध्याच्या या उन्हात! इथे खालची तगर रोज पाणी घालून मान टाकते. म्हणजे कोणीतरी कुलूप उघडून येतं.

वकीलसाहेब गंभीर झाले. भाडेकरूचं कोणी येत-जात असेल, तर 'सलग' कुठे राहिलं? बाबूजींनी मला पहाऱ्यावर बसवलं. "तू ध्यान ठेवजो. दिसला का मले सांगजो." म्हणजे मी आता गुप्तहेर! जिन्यासमोरच निवडणं-टिपणं घेऊन बसले. सकाळी मांजर आली. संध्याकाळी तीच मांजर.

२६ एप्रिल

अजून कोणी सापडलं नाही. दुपारी मी शिवणक्लासला जाते, तेव्हाचा पहारा आईंकडे दिला आहे. "ठेवते ध्यान," म्हणाल्या.

आई आजकाल फार खुशीत आहेत. संध्याकाळी क्लासहून आले की मला समोर बसवून गजरा माळतात. तीन वर्षांत कधी केलं नव्हतं हो हे! "बजारात सस्ता झाला," म्हणतात. सगळंच छान चाललंय. फक्त तो चोर सापडला पाहिजे.

१२ मे

आज रेंट कंट्रोलर साहेबांकडे तारीख. वर इतके महिने कुलूपच आहे, एवढं मी साहेबांना सांगायचं होतं. नवी साडी नेसले. ऑटोत तीच तीन वाक्यं घोकत होते.

रूपराव पहाटेच्या एसटीने आले होते, धुळीने माखलेले. मी तोंड उघडायच्या आधीच साहेबांनी त्यांना विचारलं, तुमचं म्हणणं काय?

"म्हननं काय साहेब? आमाले खोल्या पाह्यजेच नाई. पोरानं आष्टीत घर बांधलं. बाबूजी बोलत नाई, म्हनून आमच्या बाईनं जातानाच वहिनीच्या हातात चावी देल्ली. हे नोटीस काऊन आली, तेच समजून नाई राह्यलं."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मग माझी परवानगी कशाला? घरी जा, चावी घ्या." कचेरीतले कारकून हसले.

घरी आल्यावर आईंनी काही न विचारता मोहरीचा डबा उतरवला. तळातून चावी काढली, पुसली, माझ्यासमोर ठेवली आणि चहाचं आधण टाकायला गेल्या. मला राग आला. इतका राग आला की चहा घेतला नाही.

१३ मे

वर गेले. खोली स्वच्छ झाडलेली. एक चटई, एक उशी, माठ, खिडकीत अर्धवट ओवलेला गजरा. बस.

आई जिन्यातच थांबल्या होत्या. "या घरात येऊन चौतीस वर्सं झाले," म्हणाल्या. "दुपारची कडी लावून पडली, तं कोनी आवाज नाई देल्ला. पहिल्यांदाच." मग हळूच, "तू राह्यला आली तरी मले दुपारचं येऊ देजो."

मी चावी त्यांच्याच कनवटीला खोचली. कडी आतून लागते, पाहिली मी. आज दुपारी आम्ही दोघी लावणार आहोत.