गाडीतला खर्ज

१ नोव्हेंबर, शनिवार
वर्गातून तडक उठून आले. सांगली ते सातारा, गाडीत गायलेही नाही. सोळाव्या वर्षापासून आण्णांपुढे गायला बसतेय, त्यांच्या हळदीच्या पोत्यांच्या वासात, आणि आज सगळ्यांसमोर म्हणतात, "वसू, काळी पाच सोड आता. चारवर ये."
माझी गायची पट्टी, अख्खा सूर खाली!
मृण्मयी शेजारीच होती. वय बावीस, पट्टी काळी पाच. तिनं मान खाली घातली. म्हणजे हसत असणार.
काळी पाच मला दिली कुणी? यांनीच. "वाघीण हाय, पाचवरच गाईल," म्हणाले होते. आता वाघीण म्हातारी झाली का?
तार गंधार फाटला, मान्य. सर्दी होती.
३० तारखेला आण्णांची पंचाहत्तरी. सगळे शिष्य गाणार, शेवटी मी. पाचवरच गाणार.

३ नोव्हें., सोम.
कारण सापडलं. माझा रियाज होतो कुठे? गाडीत. घरी टीव्ही, कुकर आणि स.चे फोन. गाडीत मोबाइलवरचा तानपुरा लावते आणि गाते. तो वाजतो कंपनीने बसवून दिलेल्या स्पीकरवर. खर्जाची तार ऐकूच येत नाही, नुसती वरची झणझण. पायाच ऐकू येत नसेल तर सूर ठेवू कशावर?
स.ला सांगितलं. नवरा शेवटी नवराच. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणाला आणि पेपर उघडला.
जेवणात त्याला मीठ कमी पडलं. मुद्दाम नाही.

६ नोव्हें., गुरु.
गाडीला स्पीकर बसवून देणाऱ्या संजूच्या दुकानात. "म्याडम, बास पायजे का ट्रेबल?"
म्हटलं, खर्ज पाहिजे.
"त्यो कुठल्या कंपनीचा?"
त्याला डिकीत मोठा डबा बसवायचा होता, उसाच्या ट्रॅक्टरवर असतो तसा. ठाम नाही म्हटलं. कार्यक्रमासाठी साडी घ्यायची होती, ते पैसे आहेत, तेवढ्यातच बसव. मग ताळ्यावर आला. मागचे राहू द्या, पुढचे दोनच बदलू. वेगळा अॅम्प्लिफायर नको. त्यापेक्षा दाराच्या आतून जाड शीट लावू, निम्मा फरक त्यानंच पडतो.
साडी जुनीच. हिरवी. चालतंय.

८ नोव्हें., शनि.
सांगलीला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.
स्पीकर बसले. जुने संजूनं हातात दिले, नुसता कागद, वजनच नाही. इतकी वर्षं यांच्या भरवशावर गात होते!
दुकानासमोरच तानपुरा लावला आणि खर्ज आला. खरोखरचा. सीटमधून पाठीत चढला. डोळे भरून आले, संजूकडे पाठ केली.
मग किल्ल्याच्या रस्त्याला जाऊन गाडी उभी केली आणि गायले. तार गंधार फाटला. पुन्हा घेतला. पुन्हा फाटला.
शिवाय माझ्या बाजूचं दार वाजायला लागलं. खर्जाची तार आली की करर्र. दर वेळी.

१० नोव्हें., सोम.
दार उघडलं, क्लिपा बदलल्या, फोम कोंबला. संजूनं त्याचं सिनेमाचं गाणं लावलं, दार गप्प. माझा तानपुरा लावला, करर्र.
"गाण्यात न्हाई वाजत म्याडम, तुमच्या ह्यातच वाजतंय. दुसरं कायतरी ऐका की."
उकडतंय. नोव्हेंबरात सकाळी अकराला लायब्ररीत पंख्याखाली घाम. सगळे स्वेटरमध्ये आणि मी पदरानं वारा घेतेय.

१३ नोव्हें., गुरु.
पुन्हा संजू. "ह्ये तानपुऱ्याचं वर-खाली होत न्हाई का?"
होतं, म्हटलं, पण माझी पट्टी ठरलेली आहे. पट्टी म्हंजे? सांगितलं, पेटीवर आपला सा कुठे धरायचा ती जागा. माझी पाचवी काळी.
"मग चौथी धरा. काय बिगडतंय?"
त्याला दाखवायला, नुसतं दाखवायला, चार केली. दार गप्प.
"झालं की वो! उगंच इतकं दिस दार उचकाटतोय मी!"
इतका खुश झाला की मला त्याचा रागच आला. चहा नको म्हणून निघाले.

१५ नोव्हें., शनि.
हे लिहू की नको.
सांगलीला निघाले होते. पेठनाक्याच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, एकामागे एक, प्रत्येकावर वेगळं गाणं. पाऊण तास अडकले. दाराच्या कटकटीनं डोकं उठलं म्हणून तानपुरा चारवर ठेवला होता. काचा बंद. समोर बघत सहज गात होते, कार्यक्रमाचंच पद. तार गंधार आला. तसाच पुढे मध्यम, आणि त्यावर थांबता आलं. मागच्यानं हॉर्न मारला तेव्हा कळलं की मी काय गायले.
आनंद व्हायला हवा होता. रडू आलं. वर्षापूर्वी पाळी गेली तेव्हा रडले नव्हते, उलट सुटले म्हटलं होतं. आज रडले. वाटलं, एकेक करून सगळंच खाली ठेवायला सांगणार का आता?
आण्णांकडे गेलेच नाही. माधवनगरला माहेरी गेले. वहिनीनं गरम भाकरी वाढली, "आवं वन्सं, डोळं का लाल?" धूळ, म्हटलं. जेवून परत.

१८ नोव्हें., मंगळ.
स. : "दार वाजायचं थांबलं वाटतं?"
हं.
"मग आता अंगण सरळ?"
त्यानं थोड्या वेळानं स्वतःच चहा करून आणला. साखर जास्त. प्याले.
त्याला हं म्हटलं ते खोटं. दोन दिवस पुन्हा पाचवर गातेय. दार वाजतंय. वाजू दे.

२२ नोव्हें., शनि.
आण्णांसमोर उभी राहिले. रागावतील वाटलं होतं, तरी गाडीतल्या स्पीकरचं सगळं सांगून टाकलं. "लय दिसांनी डोकं दुखायचं थांबलं वाटतं तुजं. चल, बगू तुजं नवं यंत्र."
गाडीत माझ्या शेजारी बसले. पांढरी टोपी मांडीवर. मी मुद्दाम पाच लावली. करर्र. ते वाकले आणि माझ्यापुढून हात लांब करून दारावर तळवा ठेवला. बराच वेळ काढला नाही.
"म्या गायचं का थांबवलं, ठावं हाय?"
धंद्यामुळे, म्हटलं. सगळ्यांना तेच माहीत आहे.
"खोटं. साठीला आवाज फाटला. भर बैठकीत. माझी पांढरी दोन. लोक म्हणलं, एकवर या. म्या उतरलो न्हाई. घरी बसलो. पंदरा वर्सं झाली, नुसती हळद इकतोय."
तानपुरा चालूच.
"तू उतर, न्हाईतर नगं उतरूस. ते तुजं तू बग. पर बसू नगंस पोरी."
मग टोपी घातली. जैन नेम, दिवस बुडायच्या आत जेवायचं म्हणून घाईनं निघाले. घाईतही हळूहळूच चालत होते. ते इतके हळू चालतात हे कधी पाहिलंच नव्हतं.

२५ नोव्हें., मंगळ.
संजूचा फोन, "म्याडम, गाडी आनाच." त्याला चैन पडलेली नव्हती. काच वर-खाली करायच्या पट्टीचा एक स्क्रू ढिला निघाला. आवळला. आता पाचवर लावा, चारवर लावा, दार वाजत नाही. पैसे घ्यायला तयार नाही.
घरी येईपर्यंत पाच लावून आले. खर्ज स्वच्छ. गंधार फाटला.
आता दाराचंही नाव घेता येणार नाही.

२८ नोव्हें., शुक्र.
पेटीवाल्या दीपकचा फोन. "ताई, पट्टी?" तोंडातून गेलं, पाच. ठेवला. पुन्हा लावला. "बदल आहे का?" म्हणाला. म्हटलं, रविवारी सांगते.
एकदा वाटतं, ताप आला म्हणून कळवावं. मृण्मयी शेवटी गाईल, छान गाईल. कुणाचं काही अडणार नाही.
स. म्हणाला, मीही येतो. नको म्हटलं. मग तासाभरानं ये म्हटलं. मग पुन्हा नको.

३० नोव्हें., रवि. सांगली
हॉलच्या बाहेर, गाडीत. एकटी. हिरवी साडी.
पेठनाक्यापर्यंत पाचवर, तिथून आष्ट्यापर्यंत चारवर. आष्ट्याला गाडी बाजूला घेतली आणि परत वळवायला निघालेही होते. ट्रॅक्टर येत होता, जागा मिळाली नाही. तेवढ्या वेळात आण्णांचा तळवा आठवला, दारावर ठेवलेला.
मघाशी मृण्मयी खिडकीशी आली. "ताई, तुम्ही शेवटी आहात म्हणून मला धीर आहे." त्या दिवशी ती हसत नव्हती बहुतेक.
आता दीपकचा फोन येऊन गेला. माझ्यासाठी तानपुरे अजून लावलेले नाहीत. आण्णांनी पहिल्या रांगेतून सांगितलंय म्हणे, "तिला इच्यारल्याबिगर खुंटीला हात लावू नगा. ती म्हणंल ती पट्टी."
मोबाइलवर पाच ऐकली. चार ऐकली. पुन्हा पाच. दार दोन्हीला गप्प.
पट्टी ठरली नाही. आत जायचं, एवढं ठरलं.
दीपक काचेवर टकटक करतोय. काच खाली करते.