कापडावरचं तळं

७८६
मुरुम, ता. उमरगा
१२ ऑक्टोबर २०२३

चि. साजिद यास आयुबमामूचा सलाम व पुष्कळ दुवा.

वि. वि. इकडं सगळे खुशाल. तुझ्या अम्मीचा तामलवाडीहून निरोप आला की तू राजस्थानातल्या त्या सोलर प्लँटवर चांगला रमला आहेस आणि फोन फार कमी करतोस. माझी तक्रार नाही. फोनवर तू बोललास तर मला ऐकू येत नाही, ऐकते ती सगळी गल्ली. म्हणून हे पत्र. उत्तर मात्र दुकानाच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

ईदला आलास तेव्हा मोबाईलमध्ये दाखवलेलं ते वाळवंटातलं तळं माझ्या डोक्यातून जात नाही. तुला ठाऊक आहे, आपल्या स्टुडिओत पहिल्यापासून एकच पडदा आहे, गुंडाप्पा पेंटरनं रंगवलेला. तळं, डोंगर आणि दोन हंस, त्यातला एक शेळीसारखा दिसतो. एक्केचाळीस वर्षांत निम्मं मुरुम त्या पडद्यापुढं बसून गेलं. बसली नाही ती तुझी मुमानी. आमचं लग्न होऊन महिना झाला होता. मी हौसेनं खुर्ची मांडली, तर खातूनबीनं सुनावलं की कापडापुढं मी बसायची न्हाय, खरं तळं दाखवा, मंग काढा फोटू. मीही तेव्हा ताठ्यात म्हणालो की दाखवीन.

दुकानाच्या दर्शनी काचेत गावच्या नवरानवरींचे फोटो आहेत ना, त्यातली मधली चौकट मी तेव्हापासून रिकामी ठेवली आहे. आधार कार्डावरचा तिचा फोटो मी धरत नाही, त्यात ती मलाच ओळखू येत नाही. आता मला अडुसष्टावं लागलं. हात कॅमेऱ्यावर स्थिर आहे तोवर हा शब्द पुरा करायचा आहे, नाहीतर मला त्या चौकटीकडं बघायची लाज वाटते.

तिला मी अजमेरच्या दर्ग्याला जायचं एवढंच सांगितलं आहे. त्यात खोटं काही नाही, आधी अजमेरच. पुढचं तू ठरव.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर चालेल.

तुझा,
आयुबमामू


मुक्काम प्लँट, फलोदीच्या पुढं
२९ ऑक्टोबर २०२३

ती. मामूंना साजिदचा सलाम.

पत्र पावलं. कँटीनमध्ये बसून वाचताना मी शेळीपर्यंत मोठ्यानं हसलो आणि चौकटीची ओळ पुन्हा वाचली. ती रिकामी चौकट मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं, त्यातल्या गिऱ्हाइकानं फोटो परत मागून नेला असेल.

तुम्ही जानेवारीत या. तेव्हा करकोचे असतात, इकडं त्यांना कुरजा म्हणतात, आणि तळ्याच्या काठी माणसापेक्षा त्यांचाच गलका जास्त असतो. प्लँटपासून तीस किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता म्हणजे नुसती वाळू. माझ्याबरोबर आपल्याकडच्या वाशीचा रणधीर आहे, त्याला वाळूत जीप चालवायचा चांगला सराव झालाय. फोटो सकाळी आठच्या आत काढायचा, पुढं ऊन पांढरं पडतं. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणा. स्वेटर, मफलर, पायमोजे दोघांनाही लागतील.

आणि मामू, एखादा फोटो नुसत्या पाण्याचाही काढा. पक्ष्यांना हनुवटी वर करा म्हणून सांगू नका, ते ऐकत नाहीत.

मुमानींना सलाम सांगता येत नाही, कारण हे पत्र आलंच नाही असं समजायचंय. तुमच्या दुव्यात माझं नाव राहू द्यावं.

आपला,
साजिद


मुरुम
२६ नोव्हेंबर २०२३

चि. साजिद यास सलाम, दुवा.

तिकिटं काढली. नऊ जानेवारीला सोलापूरहून निघतो, अजमेरला दोन दिवस, तिथून तू सांगशील त्या बसनं.

नुसत्या पाण्याच्या फोटोचं म्हणशील तर ते मला जमायचं नाही. माणूस नसलेला फोटो न्यायला दुकानात कोण येणार? आणि माझी एक शिस्त आहे, पडद्याबाहेरचं काही दिसता कामा नये. बाजूची भिंत, खिळा, दोरी काही आलं तर मी कडा कापून टाकतो. तिकडं चारी बाजूंना तळंच असेल, म्हणजे कात्रीला सुट्टी.

मुमानीला स्वेटर घे म्हटलं तर तिनं विचारलं की अजमेरला एवढी थंडी कधीपासून पडायला लागली. मी कानाला हात लावून ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग. एक खुर्ची तेवढी बघून ठेव, इथली उचलली तर तिला संशय येईल.

खरं सांगू का, पोरा, रोज सकाळी उठल्यावर आधी दिवस मोजतो. लग्न ठरलं होतं तेव्हाही एवढे मोजले नव्हते.

लोभाला उतार पडू नये.

आयुबमामू


मुक्काम प्लँट
१५ डिसेंबर २०२३

ती. मामूंना सलाम.

कसं लिहू कळत नाही. काल रणधीरबरोबर खुर्ची ठेवायची जागा बघायला गेलो होतो. तळं आटलंय. यंदा इकडं पाऊस लवकर थांबला. मधे टाचभर चिखल आणि बाकी सगळं पांढरं मीठ. करकोचेही दुसरीकडं गेले. काठावरच्या ढाणीतले, म्हणजे वस्तीतले, म्हातारे म्हणतात, पुढच्या पावसापर्यंत पाणी यायचं नाही.

मामू, तिकिटं रद्द करा. पुढच्या वर्षी नक्की जाऊ. मी आधीच नीट चौकशी करायला हवी होती, चूक माझी आहे. रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका.

आपला,
साजिद


मुरुम
२३ डिसेंबर २०२३

चि. साजिद यास मुमानीचा सलाम. हात नातीचा, अलिजाचा, सांगणं माझं.

तुझं पत्र बंडप्पा पोस्टमननं दुकान बंद बघून घरी दिलं. तुझे मामू चार दिवस वाशीला लग्नाच्या ऑर्डरीवर गेलेत. अलिजानं वाचून दाखवलं. मंग आमी दुकानातनं तुझी आधीची बी पत्रं हुडकून काढली. रागावू नगंस.

साजिद, त्या तळ्याचं खरं काय ते ऐक. म्या एकोणीस वर्षाची नवी नवरी. दुकानात चार बाप्ये उभे, त्यांच्यादेखत खुर्चीत बसायची लाज वाटली, म्हून तोंडाला आलं ते बोलले. तळं-बिळं माझ्या मनात बी नव्हतं. ह्यांनी पुन्हा कधी इचारलं न्हाय. मला वाटायचं, म्या न्हाय म्हटलं त्याचा राग धरलाय. दुकानावरनं जाताना ती रिकामी चौकट दिसली की म्या मान खाली घालायची. आन् हा माणूस इतकी वर्सं तळं हुडकत होता व्हय!

तळं आटलंय हे त्यांना कळवू नगंस. तिकिटं एकदा रद्द झाली की हे पुन्हा उठायचे न्हाईत. आमी येतोय. तू दोन लांब बांबू आन् सुतळी तयार ठेव. का, ते इचारू नगंस.

तुझी मुमानी,
खातूनबी

(साजिदचाचा, दादी मधे दोनदा थांबली. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. लिहिलेलं पुन्हा वाच म्हणाली, मी वाचलं. — अलिजा)


७८६
मुक्काम प्लँट
१४ जानेवारी २०२४

चि. अलिजा हीस दादाकडून पुष्कळ दुवा.

तू आणि तुझी दादी, दोघी एकाच माळेचे मणी आहात. निघायच्या दिवशी दुकानाला कुलूप लावायला तू का गेलीस ते मला काल कळलं.

काल सकाळी सातला तळ्यावर पोचलो. साजिद वाटेत सारखा जीपबाहेर बघत होता. जीपमधून उतरलो तर समोर पाण्याचा टिपूस नाही. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ, फुटलेल्या फरशीसारखं. मी तिथंच बसलो. तुझ्या दादीकडं बघायचं धाडस होईना. शेवटी सगळं सांगून टाकलं, शब्द, चौकट, अजमेरचं निमित्त, सगळं. म्हटलं, मी तुला खरं तळं दाखवू शकलो नाही.

तिनं बटव्यातून साजिदचं पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. मग वळकटी सोडली. वळकटीत गोधडीच्या आत आपला पडदा! साजिद आणि रणधीरनं बांबू रोवले, सुतळीनं पडदा ताणला, आणि त्या कोरड्या तळ्याच्या मधोमध गुंडाप्पाचं निळं पाणी उभं राहिलं. ढाणीतली एक शेळी येऊन हंसाशेजारी थांबली. आता कुणीही ताडून बघावं, मी एवढी वर्षं खोटं सांगत नव्हतो.

मी म्हटलं, पण शब्द खऱ्या तळ्याचा होता. त्यावर ती म्हणाली की म्हंजे काय, लोक तळ्याच्या काठावर बसतात, म्या तर पार तळ्यात बसलीया. आणि लाजेचं ते जुनं कारण तिनं मला तिथं, त्या मिठात बसून सांगितलं. अलिजा, मला खूप रडू आलं आणि त्याहून जास्त हसू आलं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढी वर्षं, आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

पहिला फोटो तिचा एकटीचा, मी काढला. हनुवटी वर करा म्हणायला लागलो तर तिनं आधीच केली होती. दुसरा दोघांचा, साजिदनं काढला. फोटोत पडद्याच्या दोन्ही बाजूंना बांबू दिसतात, सुतळी दिसते, शेळी दिसते आणि मागं कोरडं तळं पसरलेलं दिसतं. हा फोटो मोठा करून लावायचा आहे. कडा कापायच्या नाहीत असं दादीनं बजावलं आहे, आणि मलाही कापायच्या नाहीत.

साजिद एवढ्यात सोडत नाही, आम्ही सव्वीसला पोचतो. दुकान झाडून ठेव, आणि दर्शनी काचेतली मधली चौकट चांगली पुसून ठेव.

आमच्यावर आहे तसाच लोभ ठेव आणि अभ्यासावर थोडा जास्त.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्र दादीला वाचून दाखवलं. चौकटीला तू हात लावू नकोस म्हणते. ती आल्यावर स्वतः पुसणार आहे.